२००९ चा बॅटमॅन आजही उघडतो, मग २०१४ चा स्पायडर-मॅन कुठे गेला?

तुमच्या फोनमध्ये सध्या सगळ्यात जास्त खेळला जाणारा गेम २०४० मध्ये उघडेल का? तेव्हा तुम्ही नोकरीबिकरी करत असाल. एखाद्या रविवारी आठवण येईल, वाटेल चला, परत एकदा खेळून बघू. मिळेल का?

मी हा प्रयोग उलट्या बाजूने केला. नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. पारा ४५ च्या पुढे, रस्ते रिकामे, आणि घरात कूलरसमोरची जागा एकदा मिळाली की ती सोडायची नाही. अशा दुपारी मी लहानपणीचे दोन सुपरहिरो गेम परत शोधायला घेतले. पहिला ‘बॅटमॅन: आर्कम असायलम’, २००९ चा, जो मी २०१० मध्ये बर्डीच्या एका गेमिंग कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळलो. दुसरा ‘स्पायडर-मॅन अनलिमिटेड’, २०१४ चा, जो कॉलेजला जाता-येता स्टार बसमध्ये फोनवर खेळायचो. त्यात मी कितीतरी स्पायडर-मॅन गोळा केले होते.

जुना गेम दहा मिनिटांत उघडला. त्यापेक्षा पाच वर्षांनी नवा गेम जगात कुठेच नाही. प्ले स्टोअरवर नाही, आणि जुनी एपीके फाइल मिळवून टाकली तरी काही उपयोग नाही. गेम चांगला होता की वाईट, लोकप्रिय होता की नव्हता, याचा इथे संबंधच नाही. फरक आहे तो गेमला किती कुलपं लावलेली होती आणि त्यातली नंतर कोणी काढली, याचा. ही कुलपं फोनच्या गेम्सना सगळ्यात जास्त असतात, म्हणून हा विषय तुमचा आहे.

आधी गेमबद्दल

‘आर्कम असायलम’ लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने बनवला. ऑगस्ट २००९ मध्ये तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, सप्टेंबरमध्ये पीसीवर. बॅटमॅन जोकरला पकडून एका बेटावरच्या वेड्यांच्या तुरुंगात आणतो, जोकर तिथे सगळ्या कैद्यांना सोडतो, आणि एका रात्रीत हे निस्तरायचं. एवढीच गोष्ट. लिहिली पॉल डिनीने. बॅटमॅनचा आवाज केविन कॉनरॉयचा आणि जोकरचा मार्क हॅमिलचा. ही जोडी १९९२ च्या कार्टूनपासूनची. कॉनरॉय नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला, त्यामुळे यावेळी त्याचे संवाद कानावर जरा वेगळेच पडले.

त्याआधी सुपरहिरोचा गेम म्हटलं की लोक नाक मुरडायचे. सिनेमा आला की त्याच्याबरोबर घाईघाईत एक गेम काढायचा, असा धंदा होता. हा गेम कुठल्याही सिनेमाला बांधलेला नव्हता. त्याला स्वतःचा वेळ मिळाला, आणि तो दिसतो.

आमच्या कॅफेत मात्र एक गंमत होती. तिथल्या कॉपीत बॅटमॅनला ग्लाइडच करता यायचं नाही. केप उघडायची, मिटायची, परत उघडायची, आणि साहेब सरळ खाली. सुरुवातीलाच एक खोली आहे, जोकर तिथे विषारी वायू सोडतो आणि तुम्हाला वरच्यावर तरंगत पलीकडे जायचं असतं. तिथे सगळे अडकायचे. कॅफेवाला म्हणायचा, “गेमच तसा आहे भाऊ, हार्ड आहे.” तो हार्ड नव्हता. ती पायरेटेड कॉपी होती. बनवणाऱ्यांनी मुद्दामच असं करून ठेवलं होतं की चोरीची कॉपी चालू होईल, पण ग्लाइड नीट होणार नाही. ‘गेम चालत नाही’ असं सांगण्यापेक्षा ही शिक्षा जबरदस्त. जगभर असंच झालं, काही जण तर तक्रार करायला गेले आणि तिथेच पकडले गेले.

पुढे कॅफेने दुसरी कॉपी आणली आणि गेम पुढे सरकला. पण कॅफेत सेव्ह कोणाचा सुरक्षित असतो? मी किलर क्रॉकच्या गटारापर्यंत पोचलो आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या सेव्हवर कोणीतरी नव्याने गेम सुरू केलेला. तो शेवट मी आत्ता बघितला.

पुन्हा खेळताना

सगळ्यात आधी मारामारी. आजही झकास वाटते, आणि आता कळतं का. एक बटण मारायचं, एक बटण प्रतिवाराचं. शत्रू हात उचलतो तेव्हा त्याच्या डोक्यावर खूण चमकते, त्या क्षणी प्रतिवाराचं बटण दाबायचं. तुम्ही ज्या दिशेला स्टिक ढकलता, त्या दिशेचा शत्रू गेम स्वतः निवडतो आणि बॅटमॅन दहा फूट लांबून उडी मारून त्याच्यापर्यंत पोचतो. म्हणजे नेम धरायचं काम गेमचं, ताल धरायचं काम तुमचं. बटणं बडवली तर मार खाता, ठेक्यात दाबली तर एकही ठोसा न खाता वीस जण लोळवता. खरं तर हा लेझीमचा गेम आहे, फक्त लेझमीच्या जागी गुंड आहेत. ही पद्धत पुढे ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ने घेतली, ‘मॅड मॅक्स’ने घेतली, २०१८ च्या प्लेस्टेशनवरच्या ‘स्पायडर-मॅन’मध्येही तिची छाप आहे. त्यामुळे तुम्ही हा गेम पहिल्यांदा खेळलात तरी हात ओळखीचे वाटतील.

दुसरी गोष्ट डिटेक्टिव्ह मोड. एक बटण दाबलं की सगळं निळसर होतं, भिंतीपलीकडचे सांगाडे दिसतात, कोणाकडे बंदूक आहे ते वेगळ्या रंगात कळतं. २०१० मध्ये मी हा मोड सतत चालू ठेवून खेळलो असेन, कारण तासाचे पैसे लागत होते. यावेळी तो शक्यतो बंद ठेवला, आणि एवढा मोठा, भयाण, सुंदर वाडा त्या निळ्या रंगाखाली लपला होता हे तेव्हा दिसलं. तुम्ही खेळलात तर हा एक सल्ला नक्की ऐका.

वाईट काय? मोठ्या शत्रूंच्या लढती. त्याच त्या फुगलेल्या पैलवानाला बाजूला होऊन भिंतीवर आदळवायचं, परत परत. शेवटची जोकरची लढत तर इतक्या चांगल्या गेमला शोभत नाही. चेहरे प्लास्टिकचे वाटतात. आणि क्रॉकच्या गटारात हळूहळू चालायचा भाग आजही तितकाच कंटाळवाणा आहे.

पण एक प्रसंग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांना आधी काहीच कळायला नको आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

स्केअरक्रो नावाचा खलनायक भीतीचा वायू वापरतो. खेळता खेळता अचानक स्क्रीन फाटते, आवाज अडखळतो, सगळं गोठतं, आणि गेम पहिल्यापासून सुरू होतो. पण या खेपेला गाडी जोकर चालवतोय आणि पकडून आणलेला कैदी बॅटमॅन आहे. म्हणजे ते क्रॅश खोटं होतं, स्केअरक्रोचा डाव होता. आता हे नागपुरात, मे महिन्यात, कॅफेतल्या धूळ भरलेल्या पीसीवर कल्पना करा. ग्राफिक्स कार्ड तापलं की खरोखर असंच होतं: रंगीत चौकोन, फाटलेलं चित्र, मग काळी स्क्रीन. ग्राफिक्स मेमरीत चित्राचा डेटा असतो, उष्णतेने त्यात चुका व्हायला लागल्या की त्या चुका थेट पडद्यावर दिसतात. कॅफेवाल्याने दोनदा पीसी बंद केला होता. तिसऱ्यांदा कोणीतरी म्हणालं, “थांब बे, बघू तर दे,” तेव्हा कळलं.

आता माझा भाचा. अकरावीत आहे, सगळं खेळणं फोनवर. त्याने अर्धा तास खेळून विचारलं, “मामा, यात डेली रिवॉर्ड कुठं आहे?” नाही म्हटलं. “एनर्जी संपत नाही का?” नाही. “मग रोज काहून उघडायचं?” नाही उघडायचं. मी हा गेम चौदा-पंधरा वर्षं उघडला नव्हता आणि गेमने मला एकदाही टोकलं नाही की तुमचा सीझन हुकला. रिडलरची २४० कोडी आहेत, ती जिथे होती तिथेच आहेत. बारा-तेरा तासांत गोष्ट संपते आणि तो गेम खरंच संपतो. भाच्याला हे जरा विचित्रच वाटलं, पण दुसऱ्या दिवशी तो परत आला.

हा गेम वाचला कसा?

सहज वाचला असं समजू नका. २००९ मध्ये पीसीवर हा गेम ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेला बांधलेला होता. त्यात प्रोफाइल बनवून साइन-इन केलं तरच गेम सेव्ह व्हायचा. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या सेवेचं दुकान बंद केलं. तिच्यावर टांगलेल्या काही गेम्सचे मग बरेच हाल झाले. ‘आर्कम असायलम’च्या बाबतीत त्याच वर्षी स्टीमवरच्या आवृत्तीतून ही सेवा काढून टाकण्यात आली. पहिलं कुलूप निघालं, कारण कोणीतरी बसून ते काढलं.

डिस्कचं काय? लोकांना वाटतं डिस्क हातात असली की गेम आपला. माझ्याकडे नंतर घेतलेली ओरिजिनल डीव्हीडी कपाटात आहे. लॅपटॉपला ती घालायला जागा नाही हा एक भाग. दुसरा भाग असा की त्या काळच्या डिस्कवर ‘सेक्युरॉम’सारखं कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर असायचं, आणि २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा सुरक्षेच्या कारणाने त्याच्या जुन्या आवृत्त्या चालणं बंद झालं. म्हणजे पैसे देऊन घेतलेली डिस्क अडते आणि त्याच गेमची डाउनलोड केलेली नवी आवृत्ती चालते. गॉग या दुकानावर तर हा गेम कुठल्याही कुलपाशिवाय मिळतो. डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवला तरी चालेल. सप्टेंबर २०१९ मध्ये बॅटमॅनला ८० वर्षं झाली म्हणून एपिक गेम्सने तो एक आठवडा फुकट दिला होता. तेव्हा नुसतं एक बटण दाबून ठेवलेल्यांच्या खात्यात तो आजही असेल, बघा.

आणि नवं, महागडं मशीन म्हणजे जुना गेम आणखी भारी चालणार, असंही नाही. या गेममधला धूर, उडणारे कागद, फाटणारे पडदे एनव्हिडियाच्या ‘फिजएक्स’ तंत्रावर चालतात. ते तंत्र या गेममध्ये ३२-बिटचं आहे. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांनी ३२-बिटचा तो आधारच काढला. परिणाम? हा सगळा भार प्रोसेसरवर आला, आणि लाखभर रुपयांच्या कार्डावर १५ वर्षांपूर्वीचा धूर अडखळायला लागला. खेळणाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला, तेव्हा २०२५ च्या शेवटी काही निवडक जुन्या गेम्ससाठी एनव्हिडियाने तो आधार परत दिला.

आणि स्पायडर-मॅन का नाही वाचला?

‘स्पायडर-मॅन अनलिमिटेड’ गेमलॉफ्टने सप्टेंबर २०१४ मध्ये काढला आणि ३१ मार्च २०१९ ला बंद केला. धावत राहायचा गेम, दिसायला साधा. पण तुमच्याकडे कुठले स्पायडर-मॅन आहेत, किती गुण आहेत, कुठला इव्हेंट चालू आहे, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असायचं. फोनवर होतं ते फक्त दर्शन. सर्व्हर बंद केला की फोनवरचं ॲप म्हणजे मीटर कापलेल्या घरातला पंखा. पंखा शाबूत आहे, फिरणार मात्र नाही. ‘मार्व्हल: ॲव्हेंजर्स अलायन्स’चं सप्टेंबर २०१६ मध्ये हेच झालं.

तुम्ही म्हणाल, सर्व्हर चालवायला खर्च येतो, कंपनी कायमची थोडीच चालवणार. मान्य. पण बंद करतानाही दोन पद्धती असतात. ‘मार्व्हल्स ॲव्हेंजर्स’ हा २०२० चा गेम सप्टेंबर २०२३ मध्ये विक्रीतून काढला, तरी ज्यांनी घेतला होता त्यांना तो पुढेही एकट्याने खेळता येईल अशी सोय ठेवली. ‘आर्कम’ बनवणाऱ्या रॉकस्टेडीचाच ‘सुईसाइड स्क्वॉड’ हा २०२४ चा गेम ऑनलाइन होता आणि सपशेल पडला. पण नवे भाग थांबवण्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, त्यांनी त्यात ऑफलाइन मोड घातला. फोनच्या गेममध्ये ही तसदी क्वचितच कोणी घेतं. माझ्या मते हा तंत्राचा प्रश्न नाही, इच्छेचा आहे.

सुपरहिरोच्या गेम्सना आणखी एक रोग जडलेला असतो, तो परवान्याचा. स्पायडर-मॅन हे पात्र मार्व्हलचं. गेम बनवणारी कंपनी ते काही वर्षांसाठी भाड्याने घेते. मुदत संपली की गेम दुकानातून उतरवायचा. २०१३ चा ‘डेडपूल’ याचं मजेशीर उदाहरण आहे: विक्रीतून गेला, २०१५ मध्ये परत आला, २०१७ मध्ये परत गेला. गेममध्ये एक ओळही बदलली नव्हती, बदलले ते फक्त कागद. गेमलॉफ्टचे फोनवरचे ‘द डार्क नाइट रायझेस’ आणि ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ तुम्हाला आज प्ले स्टोअरवर सापडणार नाहीत.

समजा जुनी एपीके मिळाली आणि तिला सर्व्हरही लागत नाही. तरीही ३२-बिटची भिंत उभी असते. प्रोसेसर एका वेळी किती रुंद आकडा हाताळतो, त्यावरून ३२ आणि ६४ ही नावं पडली. जुन्या ॲप्सना समजून घ्यायला प्रोसेसर आणि सिस्टिम दोन्हींमध्ये जादा व्यवस्था ठेवावी लागते. ॲपलने आयओएस ११ मध्ये, २०१७ ला, ती काढून टाकली आणि आयफोनवरचे हजारो जुने गेम एका अपडेटमध्ये गेले. गुगलने ऑगस्ट २०१९ पासून प्ले स्टोअरवर ६४-बिट सक्तीचं केलं, आणि २०२२ चा पिक्सेल ७ फक्त ६४-बिट ॲप चालवणारा पहिला अँड्रॉइड फोन ठरला. शिवाय अँड्रॉइड १४ पासून, जे ॲप अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या काळासाठी बांधलेलं आहे, ते सिस्टिम इन्स्टॉलच होऊ देत नाही. सुरक्षेसाठी हे ठीकच आहे, कारण जुन्या ॲप्सना परवानगी न विचारता बरंच काही मिळायचं. पण त्यात गेमही गेले.

भारतीय सुपरहिरोचंही बघा. २०११ मध्ये ‘रा.वन’ सिनेमाबरोबर मुंबईच्या ट्राइन गेम्सने बनवलेला गेम प्लेस्टेशन २ आणि ३ साठी आला होता. गेम म्हणून मला तो फारसा कधी आवडला नाही. पण प्लेस्टेशन २ ची डिस्क कोणाला विचारत नाही, कुठे साइन-इन करत नाही. चालू कन्सोल आणि न खरचटलेली डिस्क एवढंच लागतं. कोणाच्या माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.

हे फक्त फोनचं किंवा भारताचं नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून दाखवलं की तिथे २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला, विकत घेतलेल्यांसकट सगळ्यांसाठी. त्यातून युरोपमध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिथल्या नागरिकांच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की डिजिटल दुकानाने ‘विकत घ्या’ म्हणताना, तुम्ही वस्तू नाही तर वापरायचा परवाना घेताय, हे स्पष्ट सांगायचं. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा विकत घेतलेल्या स्किन्सचं काय होणार म्हणून जीव टांगणीला लागलेले किती जण होते, ते तुम्हाला आठवत असेल.

तुमच्या गेमला किती कुलपं आहेत?

सोपी चाचणी आहे. फोन फ्लाइट मोडवर टाका, वाय-फाय बंद आहे ना बघा, आणि गेम उघडा. पहिल्या स्क्रीनवरच अडला तर त्याचं आयुष्य सर्व्हरएवढंच. उघडला, खेळता आला, आणि बंद करून परत उघडल्यावर प्रगती तशीच राहिली, तर मोठं कुलूप नाही. मग स्टोअरच्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा. तीन-चार वर्षं हातच लावलेला नसेल तर पुढच्या एखाद्या अँड्रॉइडबरोबर तो जाऊ शकतो. आणि गेममधलं पात्र सिनेमातलं किंवा कॉमिकमधलं असेल, तर परवान्याची तारीख कुठेतरी टिकटिकतेच आहे असं धरून चाला. गेस्ट अकाउंटवर खेळत असाल तर आजच ईमेलला जोडा, कारण फोन बदलला की गेस्टची प्रगती बहुधा जाते.

याचा अर्थ ऑनलाइन गेम खेळू नका असा अजिबात नाही. मीही खेळतो. फक्त ४,००० रुपयांची स्किन घेताना ती सर्कशीच्या तिकिटासारखी समजून घ्या. तंबू गावात आहे तोवर मजा.

‘आर्कम असायलम’ फोनवर चालतो का?

चालतो, आणि हे मला स्वतःला करून बघेपर्यंत खरं वाटत नव्हतं. गेम विंडोजचा, इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. फोनमध्ये एआरएम प्रोसेसर आणि अँड्रॉइड. दोघांची भाषाच वेगळी. ‘विनलेटर’ नावाचं मोफत ॲप मध्ये तीन दुभाषे बसवतं. ‘बॉक्स६४’ प्रोसेसरच्या सूचना भाषांतरित करतो. ‘वाइन’ हा गेमला तू विंडोजवरच आहेस असं भासवतो. ‘डीएक्सव्हीके’ हा डायरेक्टएक्समध्ये सांगितलेलं चित्र व्हल्कनमध्ये, म्हणजे फोनच्या ग्राफिक्स चिपला कळेल अशा भाषेत, सांगतो. गेम बोलतो तेलुगूत, ऐकणारा मराठी, आणि मध्ये तिघं जण न थांबता भाषांतर करतायत. तरीही जमतं, कारण २००९ चं वाक्य आजच्या चिपसाठी फार छोटं आहे. या गेमला तेव्हा जीफोर्स ६६०० इतकं साधं कार्ड पुरायचं.

स्नॅपड्रॅगनचा चांगला फोन असेल तर काम सोपं, कारण त्याच्या ॲड्रेनो ग्राफिक्ससाठी ‘टर्निप’ हा मुक्त ड्रायव्हर आहे. मीडियाटेकच्या माली चिपवर बराच त्रास होतो. माझ्या मधल्या किमतीच्या फोनवर सेटिंग्ज खाली आणून, फिजएक्स बंद ठेवून गेम खेळण्याजोगा चालला. छोट्या स्क्रीनवर जुनी चित्रं उलट जास्त रेखीव दिसतात, कारण तेवढेच ठिपके कमी जागेत दाटतात. टचवर मात्र खेळू नका. प्रतिवाराची वेळ बोटाला साधत नाही. ब्लूटूथ कंट्रोलर लागतोच.

विनलेटर प्ले स्टोअरवर नाही. ते गिटहबवरच्या बनवणाऱ्याच्या मूळ पानावरूनच घ्या. ‘विनलेटर विथ ऑल गेम्स’ असं काही दिसलं तर हात लावू नका, त्यात गेमशिवाय आणखी काय आहे ते कळत नाही. गेम स्वतः विकत घ्या. गॉगची आवृत्ती यासाठी उत्तम, कारण ती नुसती एक फोल्डर आहे, आठ-नऊ जीबीची. सेलमध्ये भाव बराच खाली येतो. घरात पीसी असेल तर याहून सरळ वाट म्हणजे स्टीम लिंक किंवा मूनलाइट: गेम पीसीवर चालतो, फोनवर त्याचं चित्र वाय-फायने येतं, फोन तापत नाही.

तापण्याचं आपल्याकडे गमतीत घेऊ नका. तीन दुभाषे म्हणजे प्रोसेसरवर सतत भार. फोनला पंखा नसतो, तो उष्णता बाहेरच्या हवेत सोडून गार होतो, आणि नागपुरात ती हवाच ४५ ची. ठरावीक तापमानाला पोचला की फोन स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून पंधरा मिनिटं मस्त चाललेला गेम अचानक अडखळायला लागतो. तो गेमचा दोष नसतो. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका, फ्रेम ३० वर बांधा. कूलरसमोर फोन धरायची आयडिया भाच्याने काढली. दमट हवेचा झोत थेट पोर्टमध्ये जातो, म्हणून ती मी बंद पाडली. संध्याकाळी सातनंतर खेळा, सरळ.

जाता जाता, वाड्यातल्या वॉर्डन शार्पच्या ऑफिसबद्दल. तिथल्या एका भिंतीमागे बनवणाऱ्यांनी एक खोली लपवली होती. नकाशावर ती नाही, डिटेक्टिव्ह मोडमध्येही काही दिसत नाही. गेम येऊन महिने उलटले, लाखो लोक खेळले, आणि ती कोणालाच सापडली नाही. शेवटी रॉकस्टेडीनेच सांगितलं. भिंतीवर स्फोटक जेल एकदा फवारून काही होत नाही, तीनदा फवारावा लागतो. आत पुढच्या गेमचा, ‘आर्कम सिटी’चा, नकाशा टांगलेला आहे. कुठली भिंत ते सांगत नाही. भाचा अजून शोधतोय.